शंभराच्या आतलं जेवण

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या आणि पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर चर्चा रंगली ती ग्रॅच्युइटीची. एका वर्षात मिळणार म्हणजे नक्की कुणाला, पीएफ जास्त कापला तर हातात किती पडणार, वगैरे. कँटीनच्या कलमाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. चाकणच्या कंत्राटी पोराचे रोजचे पैसे वाचवू शकेल असं कलम खरं तर तेच आहे.

१९४८ च्या कारखाने कायद्यात कँटीनची सक्ती होती ती अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला. नव्या चारांपैकी एका संहितेने हा आकडा शंभरावर आणला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या शंभरात कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत आणि त्यांची सोय करायची जबाबदारी ठेकेदारावर न टाकता मूळ कंपनीवर टाकली आहे. पटावर साठ परमनंट आणि लाइनवर दोनशे माणसं, हा या पट्ट्यात कुणालाही नवा वाटणारा हिशोब नाही. त्यामुळे ‘कंत्राटी धरून’ हे दोन शब्द शंभरच्या आकड्यापेक्षा वजनदार आहेत.

दुपारी एकच्या सुमाराला महाळुंगे किंवा निघोज्याच्या रस्त्यावर उभं राहिलं की जेवणाचे दोन बाजारभाव दिसतात. गेटच्या आत कार्ड पंच करायचं, खणांचं स्टीलचं ताट उचलायचं, भात-वरण-भाजी-चपाती घ्यायची. पगारातून कापले जातात ते बहुधा नावापुरते पैसे. गेटच्या बाहेर छोट्या व्हेंडरकडची पोरं पुरी-भाजी, अंडा राइस, नाहीतर दोन वडापावांवर भागवतात, आणि तिथे पूर्ण किंमत रोख मोजावी लागते. पगार ज्याचा कमी, त्यालाच जेवण महाग.

आतलं ताट स्वस्त पडतं ते काही ठेकेदाराच्या दानतीमुळे नव्हे. कँटीन नफ्यासाठी चालवायचं नाही, हे तत्त्व कारखान्यांच्या नियमांत जुनंच आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली: कँटीन चालवण्याचा कोणता खर्च पदार्थांच्या दरात धरायचा नाही आणि मालकाने सोसायचा, हे सरकारने नियमांनी ठरवावं. बाहेरच्या टपरीवाल्याला मात्र जागा, गॅस, पाणी, पोऱ्याचा पगार आणि आणखी कुणाकुणाचे हप्ते, सगळं त्या पुरी-भाजीतच बसवावं लागतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास सुट्टी हवी, असं जुना कायदा सांगत होता. या अर्ध्या तासाचं काय होतं ते सीएनसी मशीनवर उभ्या राहणाऱ्यांना विचारावं. हातमोजे काढायचे, कूलंटचा चिकट थर साबणाने एकदा धुऊन जात नाही, म्हणून हात दुसऱ्यांदा धुवायचे, हेल्मेट लॉकरला, मग गेटवर तपासणी. परतीचं पंचिंग वेळेवर व्हायला हवं. उरतात पंधरा-वीस मिनिटं. पिंपरीत, टेल्को रोडला किंवा लांडेवाडीला तेवढ्यात काहीतरी मिळतं, कारण ती वसाहत साठच्या दशकापासून वस्तीला बिलगून वाढली. चाकणचे प्लॉट अवाढव्य. एका कंपनीची भिंत संपेपर्यंत सुट्टी संपते, आणि रस्त्यावर ट्रेलरची रांग. तळेगाव चौकापर्यंत जाऊन जेवून येणं ही कल्पना फक्त चाकण न पाहिलेल्या माणसालाच सुचेल.

म्हणून टपऱ्या गेटसमोर आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी भल्या पहाटे येऊन चाकणची कोंडी पाहिली, त्यानंतर रस्त्याकडेची अतिक्रमणं काढायला वेग आला. कोंडी फुटायलाच हवी, त्यात वाद नाही. पण त्या टपऱ्यांवर कोण जेवत होतं आणि आता ते कुठे जेवतील, हे कुणाच्या फायलीत होतं का? २०१४ चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण करा, जागा ठरवून द्या, असं सांगतो. आपल्याकडे जेसीबी सर्वेक्षणाच्या आधी पोहोचतो.

गरिबाचं जेवण महाग होण्याचं दुखणं न्यूयॉर्कच्या ऑफिसवाल्यांचंही आहे, फक्त पदार्थ वेगळा. पास्ट्रामी सँडविच म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं, मिरी-धने चोळून धुरावलेलं आणि मग वाफवलेलं गोमांस राय ब्रेडमध्ये. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंनी छातीकडच्या चिवट, स्वस्त मांसाचं केलेलं खाणं. आज तिथल्या कॅट्झसारख्या १८८८ पासूनच्या दुकानात ते भरमसाट भावाने विकलं जातं. मिसळीचं तसंच होऊ लागलं आहे, ही बारीकशी तक्रार इथे नोंदवायला हरकत नाही. मातीच्या भांड्यात आली, बाजूला जिलबी आणि ताकाचा पेला मांडला, की कामगाराचा नाश्ता मोटारीने येणाऱ्यांचा रविवार होतो.

स्वस्त जेवण सरकारने द्यायचं ठरवलं तेव्हा काय झालं? १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. केंद्रांच्या जागा मोक्याच्या होत्या, पुढे झुणका कमी आणि बाकीचं जास्त विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन आलं: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात, दहा रुपये. शहरात एका थाळीची किंमत ५० रुपये धरून ४० रुपये सरकार देणार, ग्रामीण भागात ३५ धरून २५. योजना वाईट नव्हती, कोविडच्या काळात तर तिने अनेकांना तारलं. पण सरकारी बिल वेळेवर निघेल या भरवशावर चूल पेटत नाही, आणि थकलेल्या अनुदानाच्या तक्रारी केंद्रचालक २०२५ मध्येही करत होते. गंमत अशी की नोकरदाराला कंपनीकडून मिळणाऱ्या जेवणाच्या कुपनावर १९६२ च्या आयकर नियमांनी जी सूट दिली, तीही एका जेवणाला पन्नास रुपयेच. पन्नासात माणूस जेवतो, अशी सरकारची श्रद्धा दिसत होती.

या सगळ्यात टिकलेला प्रयोग सरकारचा नाही, कंपनीचाही नाही. संहिता लागू झाल्यावर तीनच आठवड्यांत, ८ डिसेंबर २०२५ रोजी कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव गेले. ‘एक गाव एक पाणवठा’, हमालांचे हक्क, असंघटितांची पेन्शन यांवर भरपूर लिहून आलं. ‘कष्टाची भाकर’ बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली गेली. हमाल पंचायतीने पुण्यात १९७४ मध्ये हे केंद्र सुरू केलं, महागाईने लोकांचं कंबरडं मोडलेलं असताना. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला दुपारी पोटभर लागतं आणि ते हॉटेलच्या दरात परवडत नाही, एवढी साधी अडचण. उत्तरही तेवढंच रोखठोक: नफा नको, तोटाही नको. भाकरी, पिठलं, भाजी हमालांच्याच संघटनेने रांधायची आणि विकायची, येईल त्याला वाढायची. दान नसल्याने खाणाऱ्याची मान खाली जात नाही. अनुदान नसल्याने मंत्रालयात कुणाचं सरकार आहे याच्याशी भाकरीचं देणंघेणं नाही. अर्धं शतक उलटून गेलं तरी ते चालू आहे. मुंबईत १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळात मोट बांधली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तीही याच काळातली गोष्ट. चाकणच्या खोल्याखोल्यांतून मराठवाड्यातल्या, बिहारमधल्या पोरांना महिन्याच्या बोलीवर डबे पुरवणाऱ्या बायका आज तशाच विखुरलेल्या आहेत.

एमआयडीसीने दर टप्प्यात एक सुविधा भूखंड अशा सामाईक भोजनगृहाला द्यावा आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांनी वर्गणी भरावी, हे फार मोठं स्वप्न नाही. पण ठेक्यांच्या या धंद्यात त्याला किती जणांचा विरोध होईल, याचा अंदाज एप्रिल २०२४ च्या प्रकरणावरून यावा. पिंपरी-चिंचवडमधल्या एका वाहन कंपनीच्या कँटीनला गेलेल्या सामोशांत कंडोम, गुटखा आणि दगड निघाले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे, आधीच्या पुरवठादाराच्या सामोशात बँडेज सापडल्याने त्याचं काम काढून घेतलं होतं; नव्याचं नाव खराब व्हावं म्हणून माणसं पेरून हा उद्योग करण्यात आला. पाच जणांवर गुन्हा दाखल झाला. सामोशाचा ठेका हातचा जाऊ नये म्हणून लोक या थराला जातात.

आता खरी कसरत भोसरीच्या आणि कुरुळीच्या मधल्या फळीतल्या कारखान्यांची आहे, ज्यांनी आजवर ‘आम्ही अडीचशेच्या आत’ म्हणून विषय संपवला. संहितेत आकडा आहे. ताटात काय, दर काय, कमिटीवर कामगार किती, हे तपशील नियमांचे. जुन्या नियमांची मापं लावली तर शिफ्टला असलेल्या कामगारांपैकी तीस टक्क्यांना एका वेळी बसता यावं आणि माणशी दहा चौरस फूट मिळावेत. म्हणजे शंभर माणसांच्या शिफ्टला तीस खुर्च्या, तीनशे चौरस फूट, तेही संडासापासून आणि बॉयलरपासून पन्नास फूट लांब. जिथे तयार मालाचे क्रेट ठेवायला जिन्याखालची जागा वापरतात, तिथला मालक जागा शोधण्याआधी हजेरीपटावर नव्व्याण्णव माणसं कशी दाखवायची ते शोधेल. कंत्राटी धरून मोजणं टाळायला दुसऱ्या नावाने दुसरी फर्म काढणं या पट्ट्यात अवघड नाही. ती मोजणी करायला इन्स्पेक्टर कधी येणार, हे संहितेत नाही. आता तर त्याचं पदच ‘निरीक्षक-नि-सुविधादाता’ झालं आहे.