पटावरचा नवा खेळ : आधी एकेकट्याने

सर्वांनी मिळून खेळायचा नवा पटखेळ गटाला तयार करायला सांगितला, की मोठ्या आवाजाच्या मुलाची कल्पना बहुधा पुढे जाते. ती असते सापशिडीचीच बहीण! 'टीका न करता मिळून सुचवा' ही पद्धत अमेरिकेतील जाहिरात-व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी रुजवली. पण १९५८ साली येल विद्यापीठातील प्रयोगात एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा स्वतंत्रपणे बसलेल्या चौघांच्या कल्पना, पुनरावृत्ती वगळूनही, जास्त भरल्या. एक बोलत असताना इतरांचे सुचणे अडते. म्हणून आधी दहा मिनिटे प्रत्येकाने मुकाट्याने चिठ्ठ्या लिहाव्यात, मग चर्चा. त्यानंतर मात्र गट हवाच. पुठ्ठ्यावर पट आखून, चिंचोके घेऊन लगेच खेळून पाहावे. 'सहा पडल्याशिवाय सोंगटी सुटणार नाही' हा नियम कागदावर शोभतो. प्रत्यक्षात त्यासाठी सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो, आणि तोवर मुले जांभया देऊ लागतात.