‘दाऊ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे, ‘तू’

इंग्रजी प्रार्थनेत किंवा शेक्सपिअरच्या नाटकात ‘दाऊ’ हा जुना शब्द भेटला की तो आदरार्थी असणार, असे बहुतेकांना वाटते. देवाला उद्देशून वापरतात, म्हणजे मानाचाच असला पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ‘दाऊ’ म्हणजे सरळसरळ एकेरी ‘तू’. ‘यू’ मुळात अनेकवचनी. तेराव्या शतकापासून फ्रेंचच्या वळणाने ते एकट्या मोठ्या माणसालाही मानाने लावू लागले. ‘दाऊ’ राहिला मुलाबाळांसाठी, नोकरांसाठी, जिवलगांसाठी. आणि अपमानासाठीही.

१६०३ साली विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात एकेरीवर आला आणि आपण मुद्दाम अरे-तुरे करतो आहोत, हेही त्याने रॅलेला तोंडावर ऐकवले. पुढे त्याच शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर पंथीयांनी न्यायाधीशापासून मजुरापर्यंत सगळ्यांनाच ‘दाऊ’ म्हणायचे ठरवले. देवापुढे माणसे सारखी, मग संबोधनात उच्चनीच कशाला? त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला. एका सर्वनामासाठी एवढे सोसणारी माणसे मला फार मोठी वाटतात.

मग हा शब्द पवित्र कसा झाला? १६११ च्या बायबलमध्ये ‘दाऊ’ एका व्यक्तीसाठी आहे, मग ती कोणीही असो. तिथे देवाला ‘दाऊ’ आहे, तसा सैतानालाही आहे. लोकांच्या रोजच्या बोलण्यातून शब्द गेला, फक्त चर्चमध्ये कानावर पडत राहिला आणि त्याला सोवळे चढले. विठ्ठलाला हक्काने ‘तू’ म्हणणाऱ्या आपल्याला तरी यातली जवळीक कळायला हवी.

असाच घोटाळा ज्युलिएटच्या ‘व्हेअरफोर’चा. सज्जात उभी राहून ती रोमिओला शोधते आहे, असे समजून कितीतरी जण तो प्रवेश वठवतात. पण ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘कुठे’ नव्हे, ‘का’. तू रोमिओच का, वैऱ्याच्या घराण्यातला का, हा तिचा सल आहे. तो खाली बागेत उभा आहे, हे तिला ठाऊकच नाही. अर्थ चुकला की तिचे दुःखच हरवते.

दुकानांच्या पाट्यांवरचे ‘यी ओल्ड’ तर निव्वळ वाचनाची चूक. इंग्रजीत ‘थॉर्न’ नावाचे एक अक्षर होते. युरोपातून आलेल्या छपाईच्या खिळ्यांत ते नसे, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा ‘वाय’ वापरत. उच्चार मात्र ‘द’च होता.

आणि ‘दाऊ’ पुरता मेलाही नाही. यॉर्कशरच्या बोलीत तो ‘दा’ होऊन टिकला. तिथेही तो बरोबरीच्यांत चालतो. वडीलधाऱ्यांना कोणी ‘दा’ म्हटले तर त्यांना ते खपत नसे.