गोगलगाय अन् पोटात वायफाय!

नेटवर्क पाडायचं तर डेटाचा महापूर सोडायला हवा, असंच वाटतं ना? छे! काही हल्लेखोर सेकंदाचा दहावा हिस्सा धिंगाणा घालतात आणि उरलेला वेळ हाताची घडी, तोंडावर बोट. तरी समोरच्याचा स्पीड गाळात! या साळसूदपणाचं नाव लो-रेट डिनायल ऑफ सर्व्हिस.

माहीत आहे का? २००३ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या कुझ्मानोविच आणि नाइटली यांनी हा हल्ला मांडला, तेव्हा त्याचं बारसं केलं ‘श्रू’. म्हणजे चिचुंद्री! जीव एवढासा, पण काही जातींचा चावा चक्क विषारी.

ही चावते कुठे? टीसीपीच्या, म्हणजे इंटरनेटवर डेटा नीट पोचवणाऱ्या नियमावलीच्या सभ्यपणाला! डेटाची पॅकेटं (तुकडे) एकामागून एक हरवली की शिफारशीप्रमाणे टीसीपी निदान १ सेकंद थांबतो, मग हरवलेलं पुन्हा पाठवतो. पुन्हा हरवलं? २ सेकंद. मग ४, मग ८. चिचुंद्रीला हे वेळापत्रक तोंडपाठ. ती बरोब्बर दर सेकंदाला एक दणका देते. टीसीपीने डोकं वर काढलं रे काढलं की टपली! सरासरी ट्रॅफिक मोजणाऱ्या पहारेकऱ्याला मात्र सगळं आलबेल.

थांबायची वेळ रँडम केली तर? तेही तपासून झालं. मार हलका होतो, पण पाठ सुटत नाही.

बरं, टीसीपी एवढा शहाणा झाला कधी? ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला स्पीड डेटाच्या गर्दीमुळे सेकंदाला ३२,००० बिट्सवरून आपटला तो थेट ४० बिट्सवर! हजार-बिजार नाही, नुसते ४०. म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरं. दोन्ही ठिकाणांत अंतर किती? जेमतेम ४०० यार्ड. चालत जाऊन निरोप दिला असता तरी चाललं असतं! त्यानंतरच संशोधक व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला गर्दी दिसताच मागे सरकायला शिकवलं. आणि चिचुंद्रीला तेच हवं होतं.

आता टॉवर काढा, राउटर काढा. उपकरणंच एकमेकांचे निरोप पुढे सरकवतात, ते अ‍ॅड हॉक नेटवर्क. लांबचं वाटतंय? आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. ते असेच थेट एकमेकांशी बोलू शकायचे.

इथे शेजारीच पोस्टमन. पण तोच फितूर निघाला तर? २००४ मध्ये नाइटली पुन्हा हजर (गडी प्राण्यांवर भारीच खूश!). या वेळी सहकाऱ्यांसोबत ‘जेलीफिश’ घेऊन. हा पठ्ठ्या निरोप नेतो, नियमही पाळतो. फक्त पॅकेटांचा क्रम पिसतो, मधूनच रेंगाळतो, क्षणभर दोन-चार गाळतो. वायरलेसमध्ये पॅकेटं एरवीही हरवतातच, मग बोट दाखवायचं कुणाकडे?

ऐका, आणखी एक. केंब्रिजच्या स्टायानो आणि अँडरसन यांनी १९९९ मध्येच इशारा दिला होता, की बॅटरीवरच्या उपकरणाला झोपूच दिलं नाही तर ते आपोआप मरतं. नाव? ‘स्लीप डेप्रिव्हेशन टॉर्चर’. आणि एवढं भीषण प्रकरण ज्या शोधनिबंधात आहे, त्याच्या शीर्षकात चक्क बदकाचं पिल्लू!

आणि हे माहीत आहे का? वायफाय उपकरण बोलताना जाहीर करतं, ‘इतका वेळ माझा, बाकीच्यांनी गप्प!’ एका दमात जास्तीत जास्त ३२,७६७ मायक्रोसेकंदांचं रिझर्व्हेशन. हिशोब करा, सेकंदाला साधारण ३० खोटी रिझर्व्हेशन्स केली की सगळ्यांची बोलती बंद! २००३ मध्ये बेलार्डो आणि सॅव्हेज या कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी खऱ्या उपकरणांवर हे करून पाहिलं, तर हल्ला फुस्स. कारण? बाजारातली बरीच उपकरणं असली रिझर्व्हेशन्स मुळी पाळतच नव्हती!