पाऱ्याची मात्रा

नागपूरहून सुमारे ५० किलोमीटरांवर, रामटेकच्या गडमंदिराच्या परिसरात, नागार्जुनाची म्हणून ओळखली जाणारी एक टेकडी आहे. रससिद्ध नागार्जुनाने तेथे पारा साधला, अशी परंपरा सांगते. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात दक्षिण कोसलातील नागार्जुनाने औषधाने दगडांचे सोने केल्याची कथा टिपून ठेवली, तर अल्बेरुनीने अकराव्या शतकात रसविद्येतील नागार्जुन सोमनाथाजवळचा ठरविला. तेव्हा या नावाचे पुरुष एकाहून अधिक होऊन गेले असावेत, हेच मला सयुक्तिक वाटते. सोन्याच्या कथेपेक्षा त्या परंपरेची कज्जली मला अधिक मोलाची वाटते. शोधलेला पारा आणि गंधक खलात घोटू लागले की पारा आधी गोळ्यागोळ्यांनी पळत राहतो, गंधकाचा पिवळेपणा मळत जातो, आणि अखेरीस काजळासारखी अशी भुकटी उरते की उन्हात धरूनही तिच्यात एक कण चकाकू नये व चिमटीत घेतल्यास ती बोटांच्या रेषांत भरून राहावी.

किमयेचे खरे कार्य सोने करणे नसून औषध सिद्ध करणे आहे, हे युरोपात ठासून सांगणारा पॅरासेल्सस १४९३ साली स्वित्झर्लंडमधील आइन्सिडेल्न येथे जन्मला आणि खाणींच्या मुलखात वाढला. बाझेल शहरात १५२७ साली त्याने लॅटिन सोडून लोकांच्या जर्मन भाषेत व्याख्याने दिली, जुन्या वैद्यकाचा प्रमाणग्रंथ भर होळीत टाकला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला ते शहर सोडावे लागले. खाणकामगारांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ तर त्याच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, १५६७ साली, छापला गेला. प्रत्येक द्रव्य विषच असते, केवळ मात्रेने ते निर्विष ठरते, हा त्याचा १५३८ मधील सिद्धान्त आजच्या विषविज्ञानाचा पाया समजला जातो. युक्तीने दिलेले तीव्र विषही उत्तम औषध होते, हे चरकसंहितेने त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते.

पॅरासेल्ससच्याच शतकात उपदंशाच्या रोग्यांना बेसुमार पारा चोपडणाऱ्या वैद्यांवर त्याचा रोष होता, आणि इकडे भावमिश्र भावप्रकाशात त्याच व्याधीला फिरंग रोग हे नाव देऊन रसकर्पूर या पाऱ्याच्या औषधाची मात्रा गुंजांत मोजीत होता: चार गुंजा औषध गव्हाच्या कणकेच्या गोळीत मिटावे, वरून लवंगेचे चूर्ण लावावे, आणि दातांना स्पर्श होऊ न देता पाण्याबरोबर गिळवावे.