पाठीमागून पाहिलेला पुतळा

गेटवे ऑफ इंडियाला गेलं की आपण फोटो काढतो, लाँच पकडतो. पण समोरच्या बागेतला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा कधी थांबून पाहिलाय? २६ जानेवारी १९६१ ला त्याचं अनावरण झालं. घडवणारे शिल्पकार सदाशिव तथा भाऊ साठे आपल्या कल्याणचे, बरं का! दिल्लीत टाऊन हॉलपाशी उभे असलेले गांधीजीही त्यांचेच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत त्यांनी शिल्पालय उभं केलं. २०२१ मध्ये ते गेले.

आमच्या बचत गटातल्या बायका शाडूचे गणपती करतात, साच्यातले. त्यांना मी मुद्दाम गेटवेला नेलं. म्हटलं, नुसतं समोरून नको, बागेभोवती फिरून बघा. एवढा जड घोडा पायांवर कसा तोललाय, मानेचा बाक कसा आहे. एकजण मागच्या बाजूला गेली नि तिथेच थबकली. "ताई, मागूनही सगळं केलंय की हो!" आमच्या गणपतींची पाठ सपाट असते. मखरात कोण बघतंय?

त्या वर्षी तिने एक मूर्ती हातानेच घडवली. कान जरा मोठे झाले, पण उपरण्याची चुणी पाठीवरून अशी उतरवली की आम्ही मूर्ती फिरवून फिरवून पाहिली. घरच्यांचं म्हणणंही खोटं नाही. साच्यातून दिवसाला दहा निघतात, हाताने दोन दिवसांत एक, आणि गिऱ्हाईक भाव तोच देतं. सीझनच्या पैशांवर मुलांची फी भरायची असते.

यंदा तिने हाताच्या दोनच मूर्ती घेतल्यात. दिवसा साचे भरते, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर पाठी कोरते.