सीसीएनएची तयारी: पीडीएफ पाठ करून नव्हे, नेटवर्क जोडून आणि बिघडवून

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने नेटवर्किंगचा क्लास लावला होता. फीसाठी आईने बचत गटातून कर्ज काढले. क्लासवाल्यांनी तीन महिने स्लाइड दाखवल्या आणि शेवटी प्रश्नोत्तरांची एक पीडीएफ हातात ठेवली. एवढे पाठ कर, परीक्षेत हेच येते, असे सांगितले. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच त्याला एका कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले. तिथे साधा प्रश्न होता: दोन विभागांतले संगणक एकमेकांशी बोलत नाहीत, तू आधी काय तपासशील? मुलगा गप्प बसला. ओएसआय मॉडेलचे सातही थर त्याला तोंडपाठ होते. पण राउटरवर एकही कमांड त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलेली नव्हती.

अशी मुले-मुली आम्ही एकाहून अधिक पाहिली, म्हणून हा लेख. वस्तीतले अनेक तरुण बीएस्सी, बीसीए किंवा डिप्लोमा करून सरकारी भरतीची वाट पाहत बसलेले आहेत. खासगी कंपनीत ना आरक्षण, ना ओळखीचा कोणी मामा-काका. तिथे आत शिरायला कामच दाखवावे लागते. नेटवर्किंग हे असे एक क्षेत्र आहे, जिथे काम घरबसल्या, जवळजवळ फुकट शिकता येते.

सीसीएनए ही सिस्को कंपनीची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा. तिचा क्रमांक 200-301. ती 2020 च्या फेब्रुवारीपासून सुरू आहे. परीक्षेला बसण्यासाठी पदवीची किंवा क्लासच्या दाखल्याची अट नाही, ही गोष्ट बरेच क्लास सांगत नाहीत. वेळ 120 मिनिटे. फी 300 डॉलर आणि त्यावर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या बऱ्याच पुढे. नापास झाल्यास ही फी पुन्हा भरावी लागते. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि बाप रोजंदारीवर जातो, तिथे हा आकडा म्हणजे दोन-तीन महिन्यांचा संसार आहे. म्हणून आधी फॉर्म भरून मग अभ्यासाला लागण्याची घाई आपल्याला परवडत नाही.

अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वजन राउटिंगला, 25 टक्के. नेटवर्कची मूलतत्त्वे आणि स्विचिंग यांना प्रत्येकी 20, सुरक्षेला 15, उरलेले 20 टक्के डीएचसीपी-नॅटसारख्या सेवा आणि ऑटोमेशन यांत अर्धे अर्धे. ऑटोमेशन सोडले तर यातले बहुतेक सगळे हाताने करून पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी राउटर विकत घ्यायची गरज नाही. सिस्कोचे पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर नेटवर्किंग ॲकॅडमीच्या संकेतस्थळावर खाते उघडले की मोफत मिळते आणि चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही चालते. ते खऱ्या यंत्राची नक्कल आहे, काही कमांड त्यात नाहीत. पण या परीक्षेपुरते ते भरपूर झाले. जीएनएस थ्री किंवा सिस्कोचे सीएमएल खऱ्याच्या जास्त जवळ जातात, मात्र त्यांना तगडा संगणक लागतो. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये. अभ्यासिकेला जमले तर एक जुना मॅनेज्ड स्विच आणि क्रिम्पिंग टूल मात्र जरूर घ्यावे. केबलच्या आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने आरजे-45 मध्ये बसवून पाहिल्याशिवाय केबलमधला बिघाड डोक्यात येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे? पुस्तकातल्या अमेरिकन ऑफिसचे चित्र बाजूला ठेवा आणि आपलीच इमारत घ्या. विहाराच्या इमारतीत अभ्यासिका आहे, तिथे 50 संगणक आणि फोन. कार्यालयात 25. शिवाय 10 कॅमेरे. तिघांचे नेटवर्क वेगळे ठेवायचे आहे आणि हातात 192.168.10.0 हे 256 पत्त्यांचे एकच नेटवर्क आहे.

आधी कागदावर वाटणी करा, मोठ्या गटापासून. 50 साठी 64 पत्त्यांचा तुकडा, म्हणजे स्लॅश 26. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून वापरायला 62. कार्यालयाला स्लॅश 27: पत्ते 64 पासून 95 पर्यंत, वापरायला 30. कॅमेऱ्यांना स्लॅश 28: 96 पासून 111, वापरायला 14. वाटणीचा हा हिशेब रोज पाच वेळा, कॅल्क्युलेटर न वापरता करावा. भाकरीच्या वाटणीइतका तो हातात बसला पाहिजे, कारण परीक्षेत त्यावर वेळ घालवता येत नाही.

मग पॅकेट ट्रेसरमध्ये स्विचवर तीन व्हीलॅन बनवा, प्रत्येक पोर्ट योग्य व्हीलॅनमध्ये टाका, राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रंक करा आणि राउटरच्या एकाच पोर्टवर तीन सबइंटरफेस काढून प्रत्येकाला त्या त्या गटाचा गेटवे पत्ता द्या. सगळे नीट केले तरी पहिल्यांदा बहुधा काहीच चालत नाही, कारण सबइंटरफेस बनवले पण मूळ पोर्टवर 'नो शटडाउन' द्यायचे राहिले. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात. हे वाक्य वाचून लक्षात राहत नाही. अर्धा तास डोके धरून बसल्यावर कायमचे राहते.

ते सुरू झाले की एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पिंग करा. पहिला पिंग वाया जातो आणि पुढचे जातात. मुले घाबरतात, सगळे पुसून पुन्हा सुरुवात करतात. चूक काहीही नसते. पलीकडच्या यंत्राचा आयपी पत्ता माहीत आहे, पण त्याचा मॅक पत्ता अजून माहीत नाही. तो एआरपीने विचारून घेईपर्यंत पहिल्या पॅकेटची वेळ संपते. पॅकेट ट्रेसरच्या सिम्युलेशन मोडमध्ये पाकिटे एकेक पाऊल सरकताना दिसतात. तिथे हा प्रवास एकदा पाहा. धम्म वंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो, ये आणि पाहा. एआरपी आम्हाला दहा पाने वाचून जेवढे कळले नव्हते तेवढे ते पाकीट सरकताना पाहून कळले.

खरा अभ्यास मात्र नेटवर्क चालू झाल्यानंतर सुरू होतो. ते बिघडवायचे. आमच्याकडे रविवारी मुले जोडीने बसतात. एकाने बाहेर जाऊन चहा प्यायचा, तेवढ्यात दुसऱ्याने तीन बिघाड पेरायचे. परत आल्यावर शोधायचे, आणि शोधताना मोठ्याने बोलायचे: मी आधी काय पाहतोय, का पाहतोय.

बिघाड कसले? एक पोर्ट चुकून व्हीलॅन 1 मध्ये ठेवा. ट्रंकच्या परवानगीच्या यादीतून एक व्हीलॅन काढा. मग त्या गटातले संगणक एकाच स्विचवर एकमेकांना सापडतात, पण गेटवे सापडत नाही. एखाद्या संगणकाचा डीफॉल्ट गेटवे चुकवा; तो शेजाऱ्याशी बोलतो, बाहेर जाऊ शकत नाही. डीएचसीपी सर्व्हर कार्यालयात ठेवा आणि अभ्यासिकेतला संगणक सुरू करा. त्याला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर समजावे की सर्व्हरपर्यंत हाक पोहोचलीच नाही. ही हाक ब्रॉडकास्ट असते आणि राउटर ती पुढे जाऊ देत नाही. अभ्यासिकेच्या सबइंटरफेसवर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' देऊन तिला वाट करून द्यावी लागते.

सगळ्यात जास्त रडवते ती ॲक्सेस लिस्ट. अभ्यासिकेतून कॅमेऱ्यांकडे कोणी जाऊ नये म्हणून एका मुलीने मनाईची एकच ओळ लिहिली आणि ती अभ्यासिकेच्या सबइंटरफेसवर लावली. क्षणात सगळ्या अभ्यासिकेचे नेटवर्क बंद. यादीच्या शेवटी 'बाकी सगळ्यांना मनाई' ही न दिसणारी ओळ असतेच. म्हणून आपल्या मनाईनंतर 'इतरांना परवानगी' स्वतः लिहावी लागते. पुढे एका मुलाखतीत तिला नेमके हेच विचारले. तिने घडलेला किस्सा सांगितला. पुस्तकी व्याख्येपेक्षा तोच त्यांना आवडला असावा, कारण पुढचा अर्धा तास तिच्याशी तेवढ्याच विषयावर बोलणे झाले.

तपासण्याचा क्रम ठरवून ठेवावा. आधी तार आणि दिवा, मग आपला पत्ता, मग गेटवेला पिंग, मग पलीकडे. स्विचवर 'शो व्हीलॅन ब्रीफ' आणि 'शो इंटरफेसेस ट्रंक', राउटरवर 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' आणि 'शो आयपी राउट'. या चार कमांडचे उत्तर न अडखळता वाचता आले की निम्मी भीती जाते. हे जमल्यावर दुसरा राउटर जोडून ओएसपीएफ करा आणि मधली तार काढून राउटिंग टेबलमध्ये काय बदलते ते पाहा.

मराठी माध्यमातल्या मुलांना आमचे एक सांगणे. प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते, तेव्हा शब्द इंग्रजीच ठेवा. पण प्रत्येक प्रयोगानंतर काय झाले आणि का झाले, ते वहीत मराठीत चार ओळी लिहा. ज्याला स्वतःच्या भाषेत समजावता येत नाही, त्याला ते समजलेले नसते. इंग्रजी प्रश्न वाचायचा सराव वेगळा करावा. 'यांपैकी कोणते दोन' आणि 'कोणते नाही' अशा शब्दांवरच हुशार मुले अडखळतात.

आणि त्या पीडीएफबद्दल. परीक्षेतले प्रश्न चोरून विकले जातात, त्यांना डम्प म्हणतात. पंचशील घेणाऱ्याने ते वापरू नयेत, हे झालेच. ज्यांना ते कारण पुरत नाही त्यांच्यासाठी दुसरे: पकडले गेल्यास सिस्को प्रमाणपत्र रद्द करते आणि पुढच्या परीक्षांचीही दारे बंद करू शकते. शिवाय आता परीक्षेत प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन करायला लावणारे प्रश्नही येतात. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही.

फॉर्म कधी भरायचा, याची आमची एक खूण आहे. कोरी फाइल उघडून, वही न पाहता, वरचे सगळे नेटवर्क 45 मिनिटांत उभे करायचे आणि मग जोडीदाराने पेरलेले तीन बिघाड वीस मिनिटांत काढायचे. हे लागोपाठ तीन रविवार जमले की फॉर्म भरावा. त्याआधी कोणी कितीही घाई केली तरी भरू नये.

फॉर्म भरताना ओळखपत्रावर नाव जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने लिहा. आपल्याकडे आडनाव बदललेली कुटुंबे बरीच आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे असे सर्रास असते. नाव जुळले नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी बुडते. परीक्षेत एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. नापास झालात तर पुन्हा बसण्यासाठी किमान पाच दिवस थांबावे लागते. आमच्या मते दोन महिने थांबा आणि निकालपत्रावर ज्या विभागात टक्के कमी दिसतात, तेवढेच नेटवर्क पुन्हा जोडत, बिघडवत राहा. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते.

पीडीएफवाला तो मुलगा सध्या रविवारी येतो. अजून त्याने फॉर्म भरलेला नाही. गेल्या खेपेस तिसरा बिघाड शोधायला त्याला सत्तावीस मिनिटे लागली.