दान आणि देणे

बेलूर म्हटले की होयसळांचे देवालय आठवते. धारवाडजवळचे बेलूर मात्र पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तेथील कायद्याच्या विद्यार्थ्यास एक प्रश्न सहज पडावा : कारखान्याचे समाजाशी नाते कोणते?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने त्याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मत्ता ५०० कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा जी कंपनी गाठते, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यास द्यावेत. त्यातही आसपासच्या परिसरास प्राधान्य असावे.

परंतु स्वतःचे सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च या २ टक्क्यांत धरता येत नाही, कारण ते कायद्याने आधीच घातलेले बंधन होय. दान निराळे, देणे निराळे. गावच्या शाळेला बाके दिली, म्हणून ओढ्यात सोडलेले विष क्षम्य ठरत नाही.

डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीतील श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. भोपाळची दुर्घटना होऊन तेव्हा वर्षच लोटले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की धोक्याचा उद्योग करणाऱ्याने हानी संपूर्ण भरून द्यावी. आम्ही काळजी घेतली होती, ही सबब चालणार नाही.

तथापि भरपाई हानीनंतर येते. गेलेला श्वास ती परत आणीत नाही. म्हणून उद्या कंपनीचा सल्लागार होणाऱ्याने ‘हे कायद्यात बसते काय?’ एवढ्यावर न थांबता ‘याची झळ कोणास लागेल?’ हेही आधीच विचारावे.